लाल चिंधीच्या बारा कोंबड्या

हेझ्रॉन किसिया मास्तरांनी बत्तीस वर्षं शाळेत काढली, त्यातली सतरा हेडमास्तर म्हणून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोचली नव्हती. तो अजून शेवटच्या बाकापर्यंत जायचा. त्यामुळे रविवारी चर्च सुटल्यावर, बाहेरच्या मोठ्या खडकावर उभे राहून ते जेव्हा म्हणाले, "चौदा दिवसांत मी हे गाव शहाणं करून दाखवीन," तेव्हा ते खाली ओढ्यावर गायीला पाणी पाजायला गेलेल्या माणसालाही ऐकू गेलं. गायीलाही गेलं असावं, कारण ती पाणी अर्धवट सोडून निघाली.

मास्तर नुकतेच किसुमू शहरातून तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. विषय होता जंतूंवरची औषधं आणि आपलं अन्न. विहिगा भागातल्या त्या डोंगरावरच्या गावात हा विषय कुणाला नवा नव्हता. लाल-पिवळी दुरंगी गोळी दुकानात साखरेच्या शेजारीच सुटी मिळायची. माणूस शिंकला की एक गोळी. कोंबडी शिंकली की अर्धी. कोंबडी शिंकत नसली तरी अर्धी, म्हणजे पुढेही शिंकू नये. अंडी देईना म्हणून एक, आणि भरपूर देते म्हणून कौतुकाची एक. एकूण त्या गावच्या कोंबड्या माणसांपेक्षा जास्त औषधोपचार घेत होत्या आणि तक्रार करत नव्हत्या.

मास्तरांनी हे मनावर घेण्याचं कारण मात्र त्यांच्या घरातच होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको कडेनी खुराड्यातलं खत काढत असताना दाताळं तिच्या नडगीला लागलं. एवढीशी जखम. ती चिघळली. एक औषध झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. जखम ढिम्म. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "हे जंतू आधीच सगळं शिकून आलेत." पाय काढायची तारीख ठरली होती. चौथं औषध आदल्या दिवशी लागू पडलं म्हणून पाय राहिला. त्या अडीच महिन्यांत मास्तर इस्पितळाच्या बाकावर बसून होते, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना बोलायला काही सुचलं नव्हतं.

आता सुचत होतं.

निमित्तही चालून आलं. मास्तरांच्याच बारा कोंबड्या आजारी पडल्या. गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टर कगेहा आली. ही मास्तरांची जुनी विद्यार्थिनी; भागाकार चुकला म्हणून तिला त्यांनी एकदा बाकावर उभं केलं होतं आणि दोघंही ते विसरले नव्हते. तिने कोंबड्या तपासल्या, मोजून पाच दिवस औषध दिलं, कोंबड्या बऱ्या झाल्या. मग ती म्हणाली, "मास्तर, आता आजपासून चौदा दिवस यातली एकही कोंबडी, एकही अंडं कुणाच्या पोटात जाता कामा नये. अंगातलं औषध उतरू दे. पंधराव्या दिवशी मी येऊन मोजणार. बारा असल्या तर आमचा सगळा कार्यक्रम तुमच्या गावात करीन. अकरा असल्या तर पलीकडच्या गावी जाईन."

"बारा असतील," मास्तर म्हणाले.

"लोक सांभाळा म्हणजे झालं. कोंबड्यांवर माझा विश्वास आहे."

बाराजणी इतर कोंबड्यांत मिसळू नयेत म्हणून मास्तरांनी आधी इतर कोंबड्या दूर गावी बहिणीकडे पोचवल्या. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. कडेनीचा जुना लाल रुमाल फाडून त्यांनी प्रत्येकीच्या पायाला चिंधी बांधली. कडेनी दारात बसून भाजी निवडत होती.

"अहो, आपल्याकडे पायाला चिंधी बांधलेली कोंबडी म्हणजे काय, ठाऊक आहे ना?"

"म्हणजे औषध घेतलेली. हात लावू नये अशी."

"बरं," कडेनी म्हणाली.

अडतीस वर्षांच्या संसारात या 'बरं'चा अर्थ मास्तरांना कळायला हरकत नव्हती. त्या भागात पायाला चिंधी म्हणजे पाहुण्याची कोंबडी. पाहुणा ठरला की घरातली चांगली कोंबडी निवडून चिंधी बांधायची. मग तिला कुणी विकत नाही, कापत नाही, ती पाहुण्याचीच. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मास्तरांनाही होतं. पण प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला जुन्या गोष्टी जरा उशिरा आठवतात.

तर अशी ही पार्श्वभूमी आणि चर्चबाहेरचा तो खडक. मास्तरांनी विषय सोपा करून सांगितला. "माझ्या लाल चिंधीच्या बारा कोंबड्यांच्या मांसात आज औषध आहे. त्या कापून खाल्ल्या तर ते औषध थोडं थोडं तुमच्या पोटात जाईल. थोड्या औषधाने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. आणि जी कोंबडी उगाच रोज गोळ्या खाते, तिच्या अंगावरचे शहाणे जंतू तिच्या मांसाबरोबर, सुरीबरोबर, तुमच्या हाताबरोबर घरात येतात. मग उद्या तुम्ही खरे आजारी पडलात की कुठलंच औषध चालत नाही."

लोक मन लावून ऐकत होते. मागे झाडाला टेकून चगाला उभा होता. हा म्हातारा सुतार मास्तरांचा वर्गमित्र. पहिलीपासून दोघांचं पटलं नव्हतं आणि आता बदलण्याचं काही कारण नव्हतं.

"माझ्या कोंबड्यांनी काय खायचं, ते माझ्या कोंबड्या ठरवतील," चगाला म्हणाला. "किसुमूहून कुणी सांगायला नको." आणि टोपी घालून घरी गेला.

बाकीचे मात्र घरी जाताना एकमेकांत अगदी गंभीरपणे बोलत होते. मास्तरांना समाधान वाटलं. ते काय बोलत होते, हे कळेपर्यंत ते टिकलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी मुहोंजा आजी डोक्यावर रताळ्यांची टोपली घेऊन आल्या. पलीकडच्या उतारावर राहायच्या, गुडघे धरून एक पूर्ण डोंगर चढून आल्या होत्या.

"मास्तर, ही रताळी घ्या. आणि त्या औषधाच्या कोंबडीतली एक तंगडी द्या."

"तंगडी कशाला, आजी?"

"दुखणं गुडघ्यात आहे ना. खोकला असता तर मान मागितली असती."

मास्तरांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. यावेळी शाळेतलं उदाहरण घेऊन. "आजी, मी हेडमास्तर असताना पोरांना रोज हलकीशी छडी मारली असती तर काय झालं असतं?"

"निबर झाली असती."

"बरोबर. जंतूंचंही तसंच. थोड्या थोड्या औषधाने ते निबर होतात."

मुहोंजा आजींनी बराच विचार केला. "म्हणजे हलकी मारून उपयोग नाही. चांगली सणसणीत पाहिजे."

"हो."

"मग तंगडी नको. अख्खी कोंबडी द्या."

रताळी परत न्यायला त्या तयार होईनात. मास्तरांना ती ठेवून घ्यावी लागली, आणि गावात बातमी झाली की मास्तर रताळी घेतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापाशी एक मोटारसायकल थांबली. चालवणारा तिशीतला तगडा गडी. बाजारापासून चर्चपर्यंत भाड्याने माणसं वाहायचा आणि सहसा शिट्टी वाजवत यायचा. आज वाजवत नव्हता.

"मास्तर, माझ्या एका मित्राला जरा त्रास आहे."

"कसला?"

"त्याला सांगायची लाज वाटते."

"मग त्याला दवाखान्यात जायला सांग. तिथे लाज न वाटणारी माणसं बसवलेली असतात."

"तो म्हणतो, कोंबडी खाल्ली की कुणाला कळणार नाही." तो कुंपणावरून चिंध्या मोजत होता. "कुठला भाग खायचा असतो, मास्तर?"

मास्तरांनी त्याला हाकललं. पण असे मित्र असलेले लोक त्या गावात बरेच निघाले. चौथ्या दिवसापासून मास्तर खुराड्यासमोर खुर्ची टाकून बसायला लागले. जेवण तिथेच, चहा तिथेच. येईल त्याला ते सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचे, आणि ऐकणारा शेवटी म्हणायचा, "पटलं. कधी कापताय?"

सहाव्या दिवशी कडेनी आठवडी बाजारात गेली आणि लवकर परत आली.

"तुमचं काम झालं बरं का," पिशवी खाली ठेवत ती म्हणाली. "सगळ्या बाजाराने तुमचं ऐकलं."

"म्हणजे?"

"प्रत्येक कोंबडीच्या पायाला लाल चिंधी आहे. शिंप्याकडचं लाल कापड संपलं. उशिरा आलेल्या बायकांनी गुलाबी बांधलंय, पण गुलाबीला कुणी विचारत नाही."

"पण त्या कोंबड्यांना औषध कुठे दिलंय?"

"तेच तर. गिऱ्हाईक विचारायला लागलं, खरंच औषधाची आहे कशावरून? म्हणून बायका समोर चोच उघडून गोळी घालून दाखवतायत. लोक बघतात आणि घेऊन जातात." कडेनीने रुमालाने तोंड पुसलं. "दुकानातल्या गोळ्याही संपल्यात."

मास्तर खुर्चीत बसून राहिले. प्रशिक्षणात त्यांनी विचारलं होतं, एक माणूस गावात किती फरक पाडू शकतो? आता उत्तर मिळालं होतं.

तरी ते डगमगले नाहीत. बारा म्हणजे बारा. बाकी गाव उद्या सुधारेल, बारा कोंबड्या आज राखायच्या. त्यांनी खुराड्याला दुसरी कडी लावली.

अकराव्या दिवशी भर दुपारी व्याही आले.

लुगालिया हे मास्तरांच्या मुलीचे सासरे. नदीपलीकडून, कोट घालून, एक हात काठीवर आणि एक कमरेवर ठेवून आले. अंगणात उभं राहून त्यांनी चिंधीच्या कोंबड्या पाहिल्या, मोजल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"व्याही, अहो एवढी तयारी? मी एकटाच आलोय."

नदीपलीकडे बातमी पोचली होती ती अशी, की किसिया मास्तरांनी पाहुण्यांसाठी एकदम बारा कोंबड्या राखल्या आहेत, आणि शिवाय त्या औषधाच्या आहेत. लुगालियांची कंबर महिनाभर धरली होती. त्यांना यापेक्षा चांगलं आमंत्रण कुठलं हवं होतं?

आणि व्याह्यांना कोंबडी नाही घालायची, ही गोष्ट त्या गावात बोलायचीसुद्धा नाही. ताटात मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, शेजारी कोंबडी, वर पाहुण्याचा मान म्हणून तिची पेटी, म्हणजे पोटातला दाणे दळणारा मांसल गोळा. आणि निघताना काखेत एक जिवंत कोंबडी. यातलं काहीही कमी पडलं तर मुलीला सासरी ते जन्मभर ऐकावं लागतं.

"व्याही," मास्तर घसा साफ करून म्हणाले, "या कोंबड्या नाही कापता येणार."

"का? कुणासाठी आहेत?"

"कुणासाठीच नाहीत."

"म्हणजे माझ्यासाठी तर नाहीतच." लुगालियांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "असू दे. चहा घेऊन निघतो. सूनबाईला काय सांगू?"

कडेनीने पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, पिकलेली केळी दिली आणि नवऱ्याला घरामागे नेलं.

"उगालीला मी मुद्दाम उशीर लावते. तेवढ्यात दोन कोंबड्या आणा. एक कापायला, एक काखेत द्यायला. आणि औषध न दिलेल्या आणा. माझ्या घरात दुसरी शिजणार नाही." हे बोलताना ती पायाकडे बघत नव्हती, पण मास्तर बघत होते.

मास्तर निघाले. पहिल्या घरी बाई म्हणाली, "घ्या ना मास्तर, अगदी खात्रीची आहे. आत्ताच गोळी दिली." दुसऱ्या घरी दोन गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या घरी म्हणे कोंबडी गोळी स्वतःहून मागते. मुहोंजा आजींनी तर स्वतःसाठी लिहून दिलेल्या गोळ्या कोंबडीला चारल्या होत्या. आधी कोंबडीतून जाऊ दे, मग औषध पोटाला मऊ लागेल, असा हिशेब होता. नऊ घरं झाली. बारा दिवसांपूर्वी यांतल्या निदान चारपाच घरी स्वच्छ कोंबडी मिळाली असती. मग मास्तरांनी भाषण केलं होतं.

आता डोंगरावर एकच घर राहिलं. किसिया मास्तरांचं काहीही ऐकायचं नाही, असं ज्याने ठरवलं होतं, त्याचं.

चगाला अंगणात रंधा मारत होता. त्याच्या कोंबड्या चिखलात नाहीतर वारुळापाशी, मिळेल ते टिपत हिंडत होत्या. एकीच्याही पायाला चिंधी नव्हती.

"चगाला, तू यांना गोळ्या देतोस?"

"तू देऊ नको म्हणालास, तेव्हा देणार होतो," चगाला म्हणाला. "मग आळस केला."

"मला दोन पाहिजेत. व्याही आलेत."

"तुझ्या बारा आहेत की."

"त्या चालत नाहीत."

"आणि माझ्या चालतात?"

"चालतात."

"जरा मोठ्याने बोल. बायको आत आहे."

मास्तर मोठ्याने बोलले. चगालाने रंधा बाजूला ठेवला, एक स्टूल पुसलं आणि पुढे सरकवलं. "बस. एकोणसाठ वर्षं मी तुझं ऐकतोय. आता अर्धा तास तू माझं ऐकायचं. मध्ये बोललास तर कोंबडी एकच."

तो काय बोलला, ते मास्तरांनी पुढे कुणाला सांगितलं नाही. पण ते दोन कोंबड्या घेऊन परतले, यावरून ते मध्ये बोलले नसावेत.

जेवण उत्तम झालं. लुगालियांनी पेटी खाल्ली, बोटं चाटली आणि कंबर थोडी हलवून पाहिली. मास्तरांच्याने राहवलं नाही. "व्याही, खरं सांगतो. यात औषध अजिबात नाही."

लुगालियांनी डोळा मिचकावला. "समजलं. बाहेर बोलायचं नाही."

"नाही, खरंच नाही."

"मीही नाहीच म्हणेन," असं आश्वासन देऊन आणि दुसरी कोंबडी काखेत मारून ते समाधानाने गेले.

पंधराव्या दिवशी डॉक्टर कगेहा आली. सगळं गाव आधीच अंगणात जमलं होतं. तिने खुराड्याच्या दोन्ही कड्या काढायला लावल्या आणि एकेक चिंधी सोडत मोजलं. बारा.

"शाबास, मास्तर," ती म्हणाली. बाकावर उभं केल्याचा हिशेब बहुधा तिथे मिटला. "आता औषध उतरलंय. कापायला हरकत नाही."

"उतरलंय?" मुहोंजा आजींनी विचारलं. "म्हणजे होतं तेव्हा दिलं नाहीत, आणि आता नाही तर वाटताय?"

गर्दीत कुजबूज झाली. तेवढ्यात वाट काढत लुगालिया पुढे आले. एक हात कमरेवर, काखेत कोंबडी.

"व्याही, नात्यातलं माणूस म्हणून सांगतो, फसवलंत. कंबर तशीच आहे. ही दुसरी मी कापलीच नाही, परत आणली."

"मी सांगितलं होतं, त्यात औषध नाही."

"मग असलेली कुठली?"

"कुठलीच नाही," मास्तर म्हणाले. ते अंगणाच्या मधोमध उभे होते आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच शेवटच्या माणसापर्यंत पोचला नाही. "मी चौदा दिवस हेच सांगतोय."

कडेनी दारातून उठली. ती गर्दीत कधी बोलत नसे. घरात एकाने बोललेलं पुरे, असं तिचं मत होतं. ती मुहोंजा आजींसमोर येऊन उभी राहिली आणि झगा नडगीच्या वर उचलला. चिघळलेलं मांस काढलं होतं तिथे मुठीएवढा खड्डा होता, त्यावर चकचकीत ताणलेली कातडी.

"एवढंसं लागलं होतं," तिने नखाएवढं दाखवलं. "तीन औषधं दिली. जंतूंना काही झालं नाही. त्यांची आधीच ओळख होती त्या औषधांशी. पाय काढणार होते."

मुहोंजा आजींनी वाकून त्या खड्ड्याला बोट लावलं. "ओळख कुठे झाली?"

"कोण सांगणार, आजी. पण मी रोज खुराड्यातच असायचे. आणि रोज मीच त्यांना गोळ्या घालायचे."

मोटारसायकलवाला खाली बघत म्हणाला, "मी मित्राला दवाखान्यात घेऊन जातो." थोडं थांबून म्हणाला, "आजच जातो."

मुहोंजा आजी सरळ झाल्या. "माझ्या त्या कोंबडीलाही चौदा दिवस ठेवावं लागेल का ग, डॉक्टर?"

"तिचं मी बघते. आधी तुमच्या गोळ्यांचं बघू. आणि गुडघ्यांचंही."

मास्तर कडेनीकडे बघत होते. चौदा दिवसांत त्यांनी जेवढे शब्द खर्च केले होते, त्यांत शाळेचं एक सत्र पार पडलं असतं.

डॉक्टर कगेहाने वही काढली. "कार्यक्रम याच गावात. पण तुलनेसाठी मला एक कोंबडी हवी, अलीकडे अजिबात औषध न दिलेली. आहे का कुणाकडे?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. लुगालियांनी काखेतली कोंबडी वर केली. "ही चालेल का? हिचा काही उपयोग नाही."

"कुणाची?"

"माझी," झाडाला टेकलेला चगाला म्हणाला.

डॉक्टरने कोंबडीचे डोळे पाहिले, पिसं उलटून पाहिली, पाय पाहिले. "फार छान आहे. तुम्ही नेमकं काय करता?"

"काही नाही."

तिने ते वहीत लिहिलं. मग मास्तरांकडे वळून म्हणाली, "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे. यांची पद्धत नीट विचारून लिहून द्या. आपण छापून सगळ्या गावांत वाटू. त्यावर नाव मात्र यांचंच राहील."

दुपारी मास्तर वही आणि पेन्सिल घेऊन चगालाच्या अंगणात जाऊन बसले. बारा कोंबड्या शाबूत होत्या, कार्यक्रम गावात आला होता, आणि ठरवलेलं काम अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती.

"घे लिहून," चगाला ऐटीत म्हणाला. "पहिलं. उगाच औषध द्यायचं नाही."

मास्तरांनी लिहिलं. "दुसरं?"

चगालाने कोंबड्यांकडे पाहिलं. खुराडं झाडलेलं होतं, कोरडी राख पसरलेली होती, भांड्यात ताजं पाणी होतं आणि बाजारातून आणलेली एक नवी कोंबडी चार दिवसांपासून वेगळ्या टोपलीखाली झाकलेली होती. तो हे सगळं असं पाहत होता, जसं काही ते कुणा दुसऱ्याचं अंगण आहे.

"दुसरं," तो शेवटी म्हणाला, "बायकोला विचारावं लागेल."

मास्तरांनी तेही लिहून घेतलं.